संगणकाची पेटी : मापे, वारा आणि धूळ

एखाद्या शाळेतील संगणक सात-आठ वर्षे चालून बंद पडतो. तपासणीअंती असे आढळते की त्याचा मुख्य फलक, म्हणजेच मदरबोर्ड, निकामी झाला आहे; बाहेरची पेटी मात्र शाबूत आहे. अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. नवा मदरबोर्ड जुन्या पेटीत बसेल काय? न बसल्यास नवी पेटी कोणत्या मापाची घ्यावी? ज्यास या प्रश्नांची उत्तरे मोजपट्टी हाती घेऊन देता येतात, त्याचा खर्च वाचतो आणि चांगली वस्तू भंगारात जाण्याचे टळते. ज्यास देता येत नाहीत, त्यास दुकानदार दाखवील ती पेटी घ्यावी लागते. आणि ती घरी आणल्यावर फलकाची छिद्रे एकीकडे व पेटीच्या खुंट्या दुसरीकडे असा अनुभव येऊ शकतो.

रायपूरसारख्या शहरात या विषयास आणखी एक अंग आहे. येथील उन्हाळा कडक असून हवेत धूळ पुष्कळ असते. म्हणून पेटी फलकाच्या मापाची असावी एवढेच पुरेसे नाही. ती येथील हवेसही साजेशी असावी लागते. या दोन्ही गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात क्रमाने केला आहे.

पेटीचे कार्य

बाजारात या पेटीस ‘कॅबिनेट’ म्हणतात. तिच्याकडे पुष्कळ लोक केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहतात. परंतु तिच्यावर चार कामे सोपविलेली असतात. पहिले काम म्हणजे मदरबोर्ड, विजेचा संच आणि इतर भाग आपापल्या जागी घट्ट धरून ठेवणे. दुसरे, बाहेरून जोडावयाच्या तारांची तोंडे पेटीच्या मागील व पुढील बाजूस नेमक्या ठिकाणी उघडी ठेवणे. तिसरे, आतील उष्णता बाहेर जावी म्हणून हवेला वाट करून देणे. चौथे काम डोळ्यांस दिसत नाही : पेटीचे धातूचे कवच विजेच्या जमिनीशी जोडलेल्या तारेस, म्हणजे अर्थिंगला, जोडलेले असते, त्यामुळे विजेचा धक्का बसण्याचा धोका कमी होतो आणि आतील विद्युत्‌चुंबकीय लहरींचा उपद्रव शेजारच्या रेडिओसारख्या यंत्रांस कमी पोहोचतो. भिंतीवरील तीन छिद्रांच्या बटणफळीत अर्थिंगची तार खरोखर जोडलेली नसेल, तर उत्तम पेटीही हे काम करू शकत नाही.

मापांचा करार

एका कारखान्यात तयार झालेला मदरबोर्ड दुसऱ्या देशातील कारखान्याच्या पेटीत अचूक बसतो, हे कसे घडते? याचे उत्तर रायपूरकरांस रेल्वेच्या उदाहरणावरून चटकन समजेल. मुंबई-हावडा लोहमार्ग रायपुरावरून जातो. त्याच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर आहे. रायपूरहून धमतरीकडे जाणारा लहान लोहमार्ग मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून दीर्घकाळ ७६२ मिलिमीटर मापाचा होता. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालू शकत नसे. माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. पुढे या लहान मार्गाचे मोठ्या मापात रूपांतर करण्याचे काम हाती घेण्यात आले, त्यामागेही एकाच मापाची ही सोय आहे. माप एक असेल तर डबा कोणाच्या कारखान्यात बनला हा प्रश्न उरत नाही.

संगणकाच्या क्षेत्रातही असेच मापांचे करार झाले. आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला आणि त्याची तांत्रिक माहिती प्रसिद्ध केली. १९८४ साली तिने ‘ए.टी.’ या नावाचा सुधारलेला संगणक काढला. इतर कारखानदारांनी त्याच्या फलकाच्या मापांचे अनुकरण केले आणि तेच माप रूढ झाले. या मांडणीत काही अडचणी होत्या. विस्तारासाठी बसविलेली लांब कार्डे प्रोसेसरच्या आड येत, आणि बाहेरच्या तारांची बहुतेक तोंडे फलकावर नसून वेगळ्या वायरींनी जोडावी लागत. १९९५ साली इंटेल कंपनीने ‘ए.टी.एक्स.’ नावाचे नवे मापपत्रक प्रसिद्ध केले. फलकाची लांबी-रुंदी, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, मागील तोंडांची खिडकी आणि विस्तारकार्डांचे स्थान या साऱ्या गोष्टी त्यात ठरवून दिल्या होत्या. २००४ च्या सुमारास ‘बी.टी.एक्स.’ नावाची निराळी मांडणी पुढे आणण्याचा प्रयत्न झाला. पण तो रुजला नाही. आजही बाजारातील बहुतेक सुट्या पेट्या ए.टी.एक्स. मापपत्रकास किंवा त्यातून निघालेल्या मापांस धरून बनविल्या जातात.

प्रचलित आकार

पूर्ण ए.टी.एक्स. फलकाचे माप ३०५ मिलिमीटर गुणिले २४४ मिलिमीटर असते. त्यावर विस्तारकार्डांसाठी सात जागांची सोय केलेली असते. १९९७ साली आलेल्या ‘मायक्रो-ए.टी.एक्स.’ फलकाचे कमाल माप २४४ गुणिले २४४ मिलिमीटर असून त्यात अशा चार जागा मावतात. शाळा, कार्यालये व घरे यांतून हाच आकार सर्वांत अधिक आढळतो. ‘मिनी-आय.टी.एक्स.’ हा व्हाया कंपनीने २००१ साली मांडलेला लहान आकार १७० गुणिले १७० मिलिमीटरचा आहे. त्यावर विस्तारकार्डासाठी एकच जागा असते. याउलट ‘ई-ए.टी.एक्स.’ या नावाने विकले जाणारे फलक ए.टी.एक्स.पेक्षा रुंद, ३३० मिलिमीटरपर्यंत, असतात. परंतु हे नाव उत्पादक सैलपणे वापरतात. म्हणून अशा फलकाचे प्रत्यक्ष माप पाहिल्यावाचून पेटी घेऊ नये.

या आकारांत एक सोयीची गोष्ट आहे. मिनी-आय.टी.एक्स. फलकाची चारही छिद्रे ए.टी.एक्स. पेटीतील चार खुंट्यांवर बरोबर येतात, आणि मागील खिडकीही तीच असते. मायक्रो-ए.टी.एक्स.चीही गोष्ट तशीच आहे. यावरून पुढील नियम निघतो : मोठ्या फलकासाठी केलेल्या पेटीत त्याच कुळातील लहान फलक बसतो, लहान फलकाच्या पेटीत मोठा फलक बसत नाही. पेटीच्या वेष्टनावर ती कोणकोणते फलक स्वीकारते हे छापलेले असते. वेष्टन उपलब्ध नसल्यास फलकाची लांबी व रुंदी मोजपट्टीने मोजून वरील मापांशी ताडून पाहावी. जुन्या पेटीची परीक्षा करताना तिच्या मागील खिडकीकडेही पाहावे; ती सुमारे १५९ मिलिमीटर रुंद व ४४ मिलिमीटर उंच असेल, आणि तिच्या शेजारी विस्तारकार्डांच्या उभ्या फटी समान अंतराने असतील, तर ती या कुळातील असण्याचा संभव मोठा आहे.

खुंट्यांविषयी सावधगिरी

मदरबोर्ड पेटीच्या पत्र्यावर थेट ठेवीत नाहीत. त्याच्या पाठीमागे डाग दिलेली असंख्य टोके उघडी असतात. ती पत्र्यास टेकली तर वीज भलत्या मार्गाने वाहून फलक जळण्याचा धोका असतो. म्हणून पत्र्यावर सुमारे सहा मिलिमीटर उंचीच्या, बहुधा पितळेच्या, खुंट्या बसवितात व त्यांवर फलक स्क्रूने आवळतात. दुकानातील भाषेत त्यांस ‘स्टँडऑफ’ म्हणतात.

या ठिकाणी दोन चुका होण्याचा संभव असतो. पहिली म्हणजे छिद्र नसलेल्या जागी खुंटी तशीच राहून देणे. पेटीत आधीचा फलक मोठा असेल आणि नवा लहान असेल तर असे हमखास घडते. ती जास्तीची खुंटी नव्या फलकाच्या पाठीस टोचते. म्हणून फलक ठेवण्यापूर्वी त्याची छिद्रे मोजावीत आणि तितक्याच, त्याच जागांवर, खुंट्या ठेवून उरलेल्या काढून घ्याव्यात. दुसरी चूक स्वस्त फलकांच्या बाबतीत होते. मायक्रो-ए.टी.एक्स. म्हणून विकले जाणारे पुष्कळ फलक प्रत्यक्षात पूर्ण २४४ मिलिमीटर रुंद नसतात. असा फलक खुंट्यांच्या तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही व त्याची पुढील कड अधांतरी राहते. तो निरुपयोगी असतो असे नव्हे. परंतु स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, बसविताना किंवा जाड वायर खोचताना त्या कडेवर जोर दिल्यास फलक वाकतो. अशा वेळी कडेखाली बोटांचा आधार द्यावा, किंवा रॅम फलक पेटीत ठेवण्यापूर्वीच बसवावी.

हे सर्व काम करताना विजेची वायर भिंतीवरून काढलेली असावी. हात लावण्यापूर्वी एखाद्या उघड्या धातूच्या वस्तूस, उदाहरणार्थ पाण्याच्या लोखंडी नळास, स्पर्श करावा, म्हणजे अंगावर साचलेली स्थिरविद्युत्‌ निघून जाते. कोरड्या उन्हाळ्यात ही काळजी विशेष आवश्यक आहे.

फलक बसला म्हणजे सर्व बसले असे नव्हे

फलकाखेरीज आणखी चार मापे जुळावी लागतात. पहिले माप प्रोसेसरवरील कूलरच्या उंचीचे. मोठे उभे कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात. पेटी अरुंद असेल तर तिचे झाकण लागत नाही. पेटीच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते. ती आपल्या कूलरपेक्षा चार-पाच मिलिमीटरने तरी अधिक असावी.

दुसरे माप ग्राफिक्स कार्डाच्या लांबीचे. ३०० मिलिमीटरपेक्षा लांब कार्डे आज सर्रास मिळतात. पेटीच्या पत्रकातील आकडा पुढील पंखे बसविण्यापूर्वीचा आहे की नंतरचा, हे नीट वाचावे. कारण नेहमीचा पंखा २५ मिलिमीटर जाड असतो आणि तेवढी जागा खातो. ज्यास केवळ लेखन, हिशेब व इंटरनेट एवढेच काम आहे, त्यास असे कार्ड बहुधा लागत नाही. त्याने या मापाची चिंता करू नये.

तिसरे माप विजेच्या संचाचे. आपल्याकडे दुकानात त्यास ‘एस.एम.पी.एस.’ म्हणतात. ए.टी.एक्स. जातीचा संच १५० मिलिमीटर रुंद व ८६ मिलिमीटर उंच असतो. त्याची खोली बहुधा १४० मिलिमीटर किंवा अधिक असते. अगदी लहान पेट्यांत ‘एस.एफ.एक्स.’ नावाचा १२५ मिलिमीटर रुंदीचा लहान संच लागतो. तो तुलनेने महाग असतो, आणि ऐन वेळी बिघडल्यास गावात लगेच मिळेलच असे नाही. दुरुस्तीची सोय पाहणाऱ्याने पहिल्या जातीचीच पेटी पसंत करावी.

चौथी गोष्ट माप नसून जोडणी आहे. पेटीच्या पुढील बटणाच्या, दिव्यांच्या व यू.एस.बी.च्या तारा मदरबोर्डावरील टोकांस जोडावयाच्या असतात. यू.एस.बी.च्या वेगवान तोंडासाठी फलकावर एकोणीस टोकांची विशेष जागा लागते. ती नसेल तर पेटीवरील ते तोंड केवळ शोभेचे ठरते. म्हणून पेटी घेताना तिच्या पुढील तोंडांची यादी आणि फलकाची पुस्तिका शेजारी-शेजारी ठेवून पाहावी.

जुन्या कार्यालयीन यंत्रांविषयी

मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली कार्यालयीन यंत्रे स्वस्तात मिळतात व अनेक शाळा ती घेतात. अशी यंत्रे पुष्कळदा टिकाऊ असतात. परंतु त्यांपैकी अनेकांच्या पेट्या वर सांगितलेल्या करारात बसत नाहीत. फलकाची छिद्रे, विजेच्या संचाचा आकार, कधीकधी बटणाच्या तारांचे टोकसुद्धा उत्पादकाने स्वतःच्या सोयीने ठरविलेले असते. अशा यंत्राचा फलक गेला की त्याच प्रतिमानाचा जुना फलक शोधावा लागतो. न मिळाल्यास पेटीसह सर्व टाकावे लागते. घेण्यापूर्वी झाकण उघडून फलक चौकोनी व प्रचलित मापाचा आहे काय आणि विजेचा संच नेहमीच्या आकाराचा आहे काय, एवढे पाहिले तरी पुढचा पश्चात्ताप टळतो. स्वस्त यंत्राची खरी किंमत त्याच्या पहिल्या दुरुस्तीच्या वेळी कळते.

रायपूरचा उन्हाळा

आता हवेचा विचार करू. संगणक जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने पेटीत सोडतो. ही उष्णता वाहून नेणारी हवा खोलीतूनच येते. म्हणून पेटीच्या आतील हवा खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. रायपुरात मे महिन्यात दुपारचा पारा ४२ ते ४४ अंश सेल्सियसपर्यंत जातो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत ४० अंश तापमान असणे नवलाचे नाही.

एक हिशेब करून पाहू. जोरात काम करणारा संगणक ३०० वॉट उष्णता सोडतो असे समजा. म्हणजे दर सेकंदास ३०० जूल. एक घनमीटर हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे १,१०० जूल लागतात. पेटीतून सेकंदास ३० लिटर हवा वाहत असेल, तर तेवढी हवा एक अंशाने तापण्यास ३३ जूल लागतील. अर्थात ३०० जुलांनी ती सुमारे ९ अंशांनी तापेल. प्रोसेसर आपल्याभोवतीच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी अधिक तापतो असे धरू. मग हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत त्याचे तापमान २५ अधिक ९ अधिक ४५, म्हणजे ७९ अंश होईल. मेच्या दुपारी ४० अंशांच्या खोलीत ते ९४ अंश होईल. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग आपोआप कमी करतात. म्हणजे हे यंत्र मर्यादेच्या काठावर, पण चालू राहील.

आता हीच पेटी पुढून सलग काचेने बंद आहे आणि वारा निम्माच, सेकंदास १५ लिटर, वाहतो असे समजा. हवा ९ ऐवजी १८ अंशांनी तापेल आणि प्रोसेसरचा आकडा १०३ वर जाईल. अर्थात यंत्र मंदावेल किंवा बंद पडेल. फलक तोच, प्रोसेसर तोच, मापेही सारी जुळलेली. फरक केवळ पेटीच्या दर्शनी भागाचा. दिल्लीच्या वातानुकूलित दुकानात सुरेख चालणारी काचेची पेटी येथील खोलीत का अडखळते, याचे हे साधे गणित आहे.

यावरून निवडीचा नियम ठरविता येतो. पेटीचा पुढील भाग जाळीचा असावा. पुढे १२० मिलिमीटर किंवा १४० मिलिमीटर व्यासाचे दोन पंखे हवा आत घेण्यासाठी, आणि मागे एक पंखा ती बाहेर टाकण्यासाठी, अशी सोय असावी. गरम हवा वर जाते, म्हणून वरील बाजूस जाळी असल्यास उत्तम. पेटी भिंतीस चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. मागे वीतभर जागा मोकळी सोडावी.

धूळ व दमटपणा

जाळीच्या पेटीत धूळ जाईल, ही शंका रास्त आहे. रायपूरच्या उत्तरेस उरला व सिलतरा येथे पोलाद आणि स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. शहरात रस्त्यांची व बांधकामाची धूळही असते. ही धूळ कूलरच्या पातळ पात्यांमध्ये साचली की हवेची वाट बंद होते, आणि पावसाळ्यात ती ओल धरून फलकावरील धातूस गंज आणू शकते.

यावर उपाय पेटी बंद करणे हा नव्हे, हवेस गाळणी लावणे हा आहे. ज्या वाटांनी पंखे हवा आत घेतात तेथे काढून धुता येईल अशी बारीक जाळी असावी. आत येणारी हवा बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक असावी; तसे असल्यास पेटीतील दाब किंचित वाढतो आणि फटींतून हवा बाहेरच ढकलली जाते, धूळ आत खेचली जात नाही. वर सांगितलेली पुढे दोन व मागे एक पंखा ही मांडणी याच तत्त्वावर आहे. गाळणी महिन्यातून एकदा, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, धुऊन पूर्ण वाळवून लावावी. गाळणी तुंबली म्हणजे जाळीची पेटी आणि काचेची पेटी यांत भेद उरत नाही.

घरोघरी खिडकीत लावलेल्या पाण्याच्या कूलरविषयीही एक शब्द सांगणे अवश्य आहे. कोरड्या हवेत तो खोलीचे तापमान चांगले उतरवितो व त्याचा लाभ संगणकासही होतो. परंतु त्याचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये. त्याबरोबर बारीक तुषार येतात आणि पाण्यातील क्षार मागे राहतात. पेटी झोतापासून बाजूस, जमिनीपासून थोडी उंच ठेवावी.

निवडीचा क्रम

आतापर्यंतच्या विवेचनावरून खरेदीचा क्रम असा ठरतो. प्रथम मदरबोर्ड ठरवावा व त्याचे माप कागदावर लिहावे. त्याखाली कूलरची उंची, असल्यास ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि विजेच्या संचाची जात लिहावी. मग पेटीचे माहितीपत्रक पाहून हे चारही आकडे सामावतात काय ते तपासावे. पुढील तोंडे फलकास जोडता येतात काय ते पाहावे. शेवटी पेटीचा दर्शनी भाग, पंख्यांच्या जागा व गाळण्या पाहाव्यात. रंग आणि दिवे यांचा विचार त्यानंतर करण्यास हरकत नाही.

संगणकाचे इतर भाग काही वर्षांत जुने होतात. प्रचलित मापाची, हवेशीर व मजबूत पत्र्याची पेटी मात्र एकामागून एक दोन-तीन मदरबोर्डांस आश्रय देऊ शकते, कारण तिच्या खुंट्यांच्या जागा १९९५ सालच्या करारापासून बदललेल्या नाहीत. शाळेच्या मर्यादित अंदाजपत्रकात दर वेळी पूर्ण संगणक घेण्याऐवजी केवळ फलक बदलता येणे हा मोठाच लाभ आहे. तो पदरात पाडून घेण्यास महागडी साधने लागत नाहीत. एक मोजपट्टी, एक कागद आणि खरेदीपूर्वीची अर्ध्या तासाची विचारपूस एवढी सामग्री पुरते.